डिसेंबरातला घाम

आधी तो स्वेटर काढून ठेवा. डिसेंबर आहे हे खरं, पण आपण दक्षिण फ्लोरिडात चाललोय आणि इथला डिसेंबर कुणाला गारठवत नाही. फोनही घरीच राहू द्या, जिथे जायचंय तिथे त्याला कुणी विचारणार नाही. सुटे डॉलर घ्या. आणि कापसाचे दोन बोळे घ्याच. ते विसरलात तर रात्री माझी आठवण काढाल.

१९९९ साल संपत आलंय. मायामीच्या उत्तरेला फोर्ट लॉडरडेल, त्याच्या वर पोम्पानो बीच, त्याच्याही वर डीअरफील्ड बीच. नकाशावर ही गावं वेगळी दिसतात, पण रस्त्याने जाताना एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नाही. एकमजली दुकानांची रांग, पुढे भलंमोठं पार्किंग, मग पुन्हा तशीच रांग. दिवसभर तापलेलं डांबर चपलांच्या तळव्यातून पायाला लागतंय. हवा ओली आहे. दहा पावलं चाललात की शर्ट पाठीला चिकटतो. दमट वाऱ्यात समुद्राचा खारटपणा आहे, गाड्यांचा धूर आहे, आणि कुठूनतरी तळणाचा वास येतोय.

त्या खिडकीपाशी थांबा. क्युबन कॉफी मिळते इथे, आत जायची गरज नाही, रस्त्यावर उभं राहूनच घ्यायची. अंगठ्याएवढा कप, साखर फेटून आणलेला सोनेरी फेस, आणि खाली काळीकुट्ट, जिभेला चटका देणारी कॉफी. सोबत पेरूच्या गराची खुसखुशीत पेस्ट्री घ्या. पोटात काहीतरी असू द्या, रात्र दमवणारी आहे. पलीकडच्या सुपरमार्केटमध्ये लोक पाण्याचे कॅन आणि बॅटऱ्या ढकलगाडीत भरतायत. नव्या वर्षाच्या ठोक्याला सगळे कॉम्प्युटर बंद पडतील अशी धास्ती आहे. तुम्हाला माहीत आहे काही होणार नाही. सांगू नका, कुणी ऐकणार नाही.

तुम्हाला न्यायला आलेली गाडी खटारा आहे. मागची काच खाली जात नाही, एसी नुसता घरघरतो. सीटच्या गरम रेक्झिनला मांड्या चिकटतात, पायांत बर्गरचे कागद आणि ड्रमच्या तुटक्या काठ्या. चालवणारा पोरगा एकोणीसचा असेल. शेजारच्याच्या अंगावर ‘शाय हुलूद’ या पोम्पानोच्या बँडचा, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांचा अल्बम आला तेव्हा त्यांचा गायक, चॅड गिल्बर्ट, शाळकरी वयाचा होता. हे इथलं वैशिष्ट्य म्हणा. मोठं व्हायची वाट कुणी पाहत नाही.

मागच्या सीटवरची मुलगी तुमच्या मांडीवर सीडी टाकते. सेलोफेन नुकतंच फाडलंय, पुस्तिकेला अजून छापखान्याच्या शाईचा वास आहे. बँडचं नाव ‘पॉयझन द वेल’. अल्बमचं नाव लांबलचक आहे, ‘द ऑपोझिट ऑफ डिसेंबर... अ सीझन ऑफ सेपरेशन’. काढलाय न्यू जर्सीच्या ‘ट्रस्टकिल’ या रेकॉर्ड कंपनीने, पण रेकॉर्ड झालाय इथेच, डीअरफील्ड बीचच्या ‘स्टुडिओ १३’मध्ये, जेरेमी स्टास्काच्या हाताखाली. आदल्या वर्षीची त्यांची छोटी ईपी एका बेल्जियन कंपनीने काढली होती. घरापासून समुद्रापार कुणीतरी आधी दाद दिली, आणि आता हा पहिला पूर्ण अल्बम. नऊ गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्धा तास.

“आवाज वाढव,” मागून हुकूम येतो.

पहिल्या गाण्याचं नाव म्हणजे नुसती एक तारीख, १२/२३/९३. त्या दिवशी काय झालं असेल याचा विचार करायला तुम्हाला सवड मिळत नाही. दरवाजांतले स्वस्त स्पीकर थरथरायला लागतात, गुडघ्यापाशी प्लास्टिक कडकड वाजतं. गिटारच्या जाड तारा नेहमीपेक्षा सैल करून खालच्या सुरात लावल्यात. तळव्याने तार दाबून मारलेला प्रत्येक ठोका पोटात येऊन बसतो, आणि त्यावर दुसरी गिटार एक बेसूर वाटावी अशी, पण मनात रुतून बसणारी ओळ ओढत नेते. मग तो आवाज. जेफ्री मोरेरा ओरडतो तेव्हा धमकावल्यासारखं वाटत नाही. कुणीतरी आतून दार धडकवत असावं असं वाटतं.

दुसरं गाणं आहे ‘अ विश फॉर विंग्ज दॅट वर्क’. हेच नाव बर्कली ब्रेदेडच्या नाताळावरच्या एका चित्रपुस्तकाचं आहे. त्यात ओपस नावाच्या पेंग्विनला उडायचं असतं. इतक्या कोवळ्या नावाखाली एवढा गडगडाट! मागची मुलगी खिडकीच्या काचेवर बोटांनी ठेका धरते, चालवणारा स्टिअरिंगवर. सिग्नलला शेजारी उभ्या गाडीतल्या बाई काच वर करतात.

आता उतरा. पोचलो.

समोरची इमारत निवृत्त सैनिकांच्या संघटनेचा हॉल आहे. आत लग्नाच्या मेजवान्या होतात, पत्त्यांचे डाव रंगतात, आणि संध्याकाळपुरता भाड्याने घेतला की असा कार्यक्रमही होतो. बाहेर पन्नास-साठ पोरं घोळक्याने उभी आहेत. ढगळ अर्ध्या चड्ड्या, मळके बूट, आणि एवढ्या उकाड्यातही काहींच्या अंगात हुडी. दारावर पाच डॉलर द्या. बदल्यात एक मुलगा तुमच्या हाताच्या पाठीवर काळ्या मार्करने फुली मारेल. शाई गार लागते आणि नाकात झणझणते. ही फुली मुळात अल्पवयीन पोरांना दारू देऊ नये म्हणून मारायची खूण होती. पुढे पोरांनीच ती आपलीशी केली. आता कित्येकजण घरूनच फुली काढून येतात, दारू-सिगारेटला शिवत नाही हे ठणकावून सांगायला.

आत पाऊल टाकताच वास येतो. आधी फिनेल, मग घाम, स्वस्त डिओडरंट, आणि व्हॉल्व्हच्या अँपवर तापणारी धूळ. भिंतीशी घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. कडेच्या टेबलांवर टी-शर्टांच्या घड्या, सीडीची खोकी, झेरॉक्स काढून स्टेपल मारलेली मासिकं, मांस सोडा म्हणणारी पत्रकं. इथे सगळी ओळखपाळख कागदाने होते. पुढच्या कार्यक्रमाची चिठ्ठी, बँडचा टपालाचा पत्ता, कुणाच्या तरी घरचा फोन नंबर. एकेक कागद नीट दुमडून पाकिटात जातो.

स्टेज कुठे आहे म्हणून शोधू नका. नाहीये. हॉलच्या एका टोकाला जमिनीवरच ड्रम मांडलेत, मागे अँपची भिंत. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात हातभर अंतर आहे, तेही फार वेळ टिकणार नाही.

बोळे घाला कानात.

‘पॉयझन द वेल’चे रायन प्रायमॅक आणि डेरेक मिलर गिटार गळ्यात अडकवतायत, ख्रिस हॉर्नब्रूक ड्रमच्या मागे सरसावून बसलाय. चेहऱ्यांवर अजून पोरपण आहे. मिलर पुढे ‘स्ले बेल्स’ नावाच्या साफ वेगळ्या जोडगोळीतून गाजणार आहे, आणि या अर्ध्या तासाच्या अल्बमची छाप असलेले बँड पुढची दहा वर्षं गावोगाव निघणार आहेत. हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना आत्ता एवढीच काळजी आहे की डावीकडचा अँप मधूनच बंद पडतोय.

चार ठोके, आणि हॉल फुटतो.

आवाज आधी छातीला लागतो आणि मग कानाला. मधली गर्दी झटक्यात बाजूला होते, मोकळ्या वर्तुळात चार-पाच पोरं हातपाय फिरवत सुटतात. हाच पिट. कडेला उभे असाल तर हात छातीपुढे ठेवा, गुडघे जरा सैल सोडा. कुणी अंगावर आलं तर रागावू नका, परत ढकला. कुणी पडलं तर मात्र थांबा आणि उचला, हा एकच नियम आहे आणि तो सगळे पाळतात. बघा, समोरचा घसरला. तो जमिनीवर टेकायच्या आत चार अनोळखी हात त्याच्या काखेत गेले.

मग ब्रेकडाउन येतो. लय एकदम निम्म्यावर. ड्रम आणि गिटार एकाच वेळी घाव घालतात, मध्ये मोकळी जागा सोडतात, पुन्हा घाव. त्या मोकळ्या जागेत अख्खा हॉल श्वास घेतो, तुम्हीही घेता. पायाखालची लिनोलियमची फरशी घामाने निसरडी झालीय. भिंतींवर ओल धरून थेंब ओघळतायत. छताचे पंखे फिरतायत, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलतायत. तुमच्या ओठांवर मीठ आहे आणि ते नक्की कुणाच्या घामाचं आहे हे सांगता येणार नाही.

‘नर्डी’ सुरू होतं. पहिल्या रिफला ओळखीची आरोळी उठते आणि सगळा जमाव मायक्रोफोनकडे धावतो. एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा, कोसळत आलेल्या दहीहंडीच्या थरासारखा माणसांचा ढीग, आणि प्रत्येकाचं तोंड त्या एका माइकच्या दिशेने. मोरेरा माइक पुढे करतो. शब्द पोरांनी पुस्तिकेतून घोकलेत. हॉलमध्ये कोण गातंय हे आता कळत नाही.

आणि मग गिटारवरची धार उतरते. तारा साफ, सुट्या वाजायला लागतात, आणि इतका वेळ ओरडणारा तोच गळा हलक्या सुरात गायला लागतो. या अल्बममध्ये असे तुकडे थोडे आहेत. पुष्कळजण त्यांना विसावा समजतात. मला ते तसे कधीच वाटले नाहीत. आरडाओरड्याच्या आड लपता येतं, इथे लपायला जागा नाही. पिटकडे बघा जरा. आत्तापर्यंत हात फिरवणाऱ्या पोरांना त्या हातांचं काय करावं ते सुचत नाहीये. एकाने कंबरेवर ठेवलेत. एकाने हुडीच्या खिशात घातलेत. एक दांडगा, मानेवर गोंदलेला पोरगा डोळे मिटून उभा आहे आणि त्याचे ओठ हलतायत. घरी, शाळेत, कामावर त्याला असं उभं राहता येत असेल असं वाटत नाही. इथे येतं, कारण दहा सेकंदांनी पुन्हा गडगडाट होणार आहे आणि डोळ्यांतलं पाणी घामात मिसळून जाणार आहे. या बँडने राग आणि हुंदका एकाच गळ्यात आणि एकाच गाण्यात ठेवला, म्हणून एवढी पोरं आज इथे आहेत.

एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. गर्दीत मुली कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच भिंतीशी उभ्या आहेत, कुणाचा तरी चष्मा नाहीतर पाकीट सांभाळत. गाण्यांत ज्या दुराव्याचा एवढा आक्रोश आहे त्यातली दुसरी बाजू कुठेच ऐकू येत नाही. हा या संगीताचा खरा उणेपणा आहे आणि प्रेमापोटी तो झाकू नये. गाडीत तुमच्या मागे बसलेली ती मुलगी मात्र भिंतीशी नाही. ती ढिगाच्या सगळ्यात वर आहे, माइक तिच्या दातांवर आदळतोय, आणि ती तो सोडत नाहीये.

कार्यक्रम अर्ध्या तासात संपतो. सगळ्या ट्यूबलाइट भसकन लागतात आणि लाल, ओलेचिंब चेहरे एकमेकांकडे बघून हसतात. बाहेर या. पार्किंगमधली तीच दमट हवा आता गार वाटते. टी-शर्ट पिळला तर पाणी गळेल. कानांत शिट्टी वाजतेय, बोळे असूनही. पोरं गाड्यांच्या बॉनेटवर बसून वाद घालतायत. ‘स्लाइस पेपर रिस्ट्स’ भारी की ‘मिड एअर लव्ह मेसेज’? कुणाकडे सीडी कॉपी करायचं मशीन आहे? रात्री उघडी असणारी खानावळ कुठली? कुणाचा ओठ फुटलाय आणि तो तो मिरवतोय. सगळे नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्याने बोलतायत, कारण कुणालाच धड ऐकू येत नाहीये.

हॉल अकराच्या आत रिकामा करायचाय, म्हणून बँडवालेच सामान उचलतायत. व्हॅन पाठीमागून उघडी आहे, आत ड्रमच्या पेट्या, गाद्या, टी-शर्टांची खोकी. मघाशी समोर घसा फाडून ओरडणारी माणसं आता “जरा बाजूला, जरा बाजूला” करत वायरी गुंडाळतायत. स्पीकरच्या मोठ्या कॅबिनेटच्या एका टोकाला एकजण उभा आहे, दुसऱ्या टोकाला कुणी नाही, आणि तो तुमच्याकडेच बघतोय.

अहो, उभे काय राहिलात? चार स्पीकरचा खोका आहे, चाळीस किलोंच्या घरातला. गुडघ्यात वाका, पाठीवर जोर घेऊ नका. खालून धरा, कड ओली आहे, सटकेल. पायरी आली. तुमची बाजू खाली जातेय, वर घ्या, वर!