मक्तेदाराची पारख : बोरघाटापासून आजच्या नोंदणीपर्यंत

तळेगांव दाभाडे येथून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळें व खंडाळें मागें टाकून बोरघाट उतरूं लागली, म्हणजे प्रवासी खिडकीशीं येऊन दऱ्यांची शोभा पाहूं लागतात. हा घाट कोणीं बांधला, असें त्यांस विचारिलें तर बहुधा एकच उत्तर मिळेल : इंग्रजांनीं. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. आराखडा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांचा होता. पण डोंगर फोडला तो मक्तेदारांनीं, आणि त्यांच्या हाताखालील हजारों मजुरांनीं. सरकारी बांधकाम घेणाऱ्यास आज जो परवाना, म्हणजे कंत्राटदार म्हणून नोंदणी, मिळवावी लागते, ती कोणत्या गरजेंतून निघाली हें समजून घ्यावयाचें, तर मावळच्या माणसाला या घाटापेक्षां जवळचें उदाहरण सांपडणार नाहीं.

मक्ता हा शब्द आपल्याकडे जुना आहे. मराठेशाहींत जकातीचा मक्ता दिला जाई आणि घेणाऱ्याकडून जामीन घेतला जाई. जामीन म्हणजे पैसा बुडाल्यास भरून देणारा माणूस. वसुलीच्या कामाला तेवढें पुरें होतें. पूल आणि बोगदे यांना तें पुरणारें नव्हतें; कारण बुडालेला पैसा जामिनाकडून वसूल होतो, कोसळलेली कमान मात्र होत नाहीं.

बोरघाटाचें काम 1856 च्या आरंभीं सुरू झालें. मक्ता मिळाला तो विल्यम फेव्हिएल या इंग्रज मक्तेदारास. मुंबई ते ठाणें ही 1853 सालीं चालू झालेली पहिली लोहमार्गाची वाट त्याच्याच पेढीनें बांधली होती. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्याच्यापाशीं 'पूर्वानुभवाचा दाखला' होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु सपाटीवरील वीस-एकवीस मैल आणि घाटांतील सुमारें सोळा मैल यांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. येथें 1831 फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानींचे पूल, आणि कांहीं ठिकाणीं दर 37 फुटांस एक फूट असा चढ. 14 जून 1858 रोजीं खंडाळें ते पुणें हा भाग खुला होऊन तळेगांवास गाडी आली. तरी मधला घाट अपुराच होता. मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे, पालखीनें किंवा तट्टावरून घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे.

आतां मजुरीची गोष्ट पाहूं. मक्तेदार मजुराला ओळखत नसे. त्याच्या हाताखालीं युरोपियन पोटमक्तेदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि मुकादमाच्या मागें दूरदूरच्या गांवांहून आलेली टोळी, अशी ती उतरंड होती. कंपनी पैसे देई मोजलेल्या कामाचे. ते वरून खालीं झिरपतां झिरपतां मजुराच्या हातीं काय आणि केव्हां पडे, हें पाहणारा कोणी नव्हता. थकलेल्या मजुरीवरून 1859 च्या जानेवारींत घाटांत दंगा उसळला, आणि मार्चमध्यें फेव्हिएलनें मक्ता सोडला. या प्रकरणाचा धडा सरकारनें घेतला, तो मात्र आपल्या पद्धतीनें. 1860 सालीं रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांविषयीं कायदा झाला. मजुरीच्या वादाचा निकाल मॅजिस्ट्रेटनें झटपट लावावा, ही त्यांतील चांगली बाजू. त्याच कायद्यानें करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगाची वाटही दाखविली. उपाशी माणूस आणि त्याची मजुरी अडकविणारा, दोघांनाही एकाच तराजूंत घालण्याचा हा प्रकार मला तरी न्यायाचा वाटत नाहीं.

पुढचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल. तो 1859 च्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आला आणि त्याच वर्षीं आजारानें मरण पावला. मक्ता चालवावयास घेतला तो त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें. अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर या दोन जाणत्या अभियंत्यांच्या हातीं तिनें प्रत्यक्ष काम सोंपविलें. घाटांत पटकीनें माणसें मरत होतीं, तरी 1861 च्या आरंभीं कामावरील मजुरांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. 21 एप्रिल 1863 रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाट खुला झाला. मक्ता नांवावर चालतो, काम मात्र जाणकारावर चालतें, हें या बाईनें ओळखलें होतें. आज नोंदणी मागणाऱ्यास पात्र अभियंता पदरीं असल्याचें दाखवावें लागतें, तें याच कारणास्तव.

एवढ्यानेंही कथा संपली नाहीं. 19 जुलै 1867 रोजीं घाटांतील 'मऊ की मल्ली' नांवाचा आठ कमानींचा दगडी पूल ढांसळला. घाट खुला होऊन तेव्हां पुरतीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं. चौकशींत दगडकामाचे दोष उघड झाले आणि त्या रेल्वेच्या इतर पुलांकडेही संशयानें पाहिलें जाऊं लागलें. मक्तेदाराला नेमतांना त्याची पारख करणें जितकें अगत्याचें, तितकेंच काम चालू असतां त्याच्या पाठीशीं जाणता देखरेख्या उभा करणें अगत्याचें ठरलें. सरकारचें सार्वजनिक बांधकाम खातें 1854 च्या सुमारास उभें राहिलें होतें, आणि त्याच वर्षीं पुण्यांत निघालेल्या अभियांत्रिकी वर्गांतून असेच देखरेखीचे कामगार तयार होऊं लागले. पुढें त्याच वर्गाचें पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय झालें.

या सर्व अनुभवांचें सार आजच्या अर्जाच्या कागदांत उतरलें आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागांत कंत्राटदारांचे वर्ग आहेत. ज्या वर्गांत नोंद, तेवढ्याच रकमेपर्यंतच्या कामास निविदा भरतां येते. बँकेचा ऐपतीचा दाखला हा जुन्या जामिनाचा वंशज. पूर्वीं केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी, पदरच्या अभियंत्याचे कागद, आयकर आणि वस्तु-सेवा कराची नोंद, हें सारें जोडावें लागतें. नोंदणीची मुदत संपते, आणि ती नव्यानें करावी लागते. नवशिक्यानें खालच्या वर्गापासून आरंभ करावा व एकेक काम नेटकें पुरें करून त्याचा दाखला जपून ठेवावा. वर जाण्याचा खरा जिना तोच. सुशिक्षित बेकार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठीं कांहीं कामें वेगळीं राखलेलीं असतात, हें पुष्कळ तरुणांस ठाऊक नसतें.

कंत्राटी मजुरांसाठीं वेगळा कायदा यावयास मात्र शतकाहून अधिक काळ गेला. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानें वीस किंवा अधिक मजूर लावणाऱ्या कंत्राटदारास वेगळा परवाना आवश्यक केला. शिवाय त्यानें मजुरी बुडविली तर मूळ मालकानें ती द्यावी, असें बजावलें. फेव्हिएलच्या टोळ्यांना हें एक कलम मिळतें, तर 1859 चा दंगा कदाचित् झालाच नसता. तो कायदा आतां 2020 च्या नव्या कामगार संहितेंत सामावला आहे, आणि ती संहिता 2025 च्या नोव्हेंबरांत अमलांत आली.

तळेगांवांत व त्याच्या आसपास आज जिकडे तिकडे इमारती उठत आहेत. त्यांतला घर बांधणारा गृहस्थ पुष्कळदां समजतो, कीं आपल्या कंत्राटदाराचीही अशीच परीक्षा कोणी घेतली असेल. तसें नाहीं. वर सांगितलेली नोंदणी सरकारी कामापुरती आहे. खासगी घराच्या नकाशावर नगरपरिषद परवानाधारक वास्तुविशारदाची किंवा अभियंत्याची सही पाहते; 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानें प्रवर्तकास मोठ्या प्रकल्पाची नोंद करावी लागते. विटा रचणारा कंत्राटदार या दोन्हींतून सुटतो. त्याच्या जुन्या कामांचे दाखले मागणें, तीं घरें एका पावसाळ्यानंतर जाऊन पाहणें, आणि मजुरांचा हिशेब दर आठवड्यास चुकता होतो कीं नाहीं याची विचारपूस करणें, हें काम अद्याप घरमालकाकडेच आहे.