कुटुंब-सहभाग (तीव्र मानसिक आजार)

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत घरच्या माणसांना उपचारात व पुनर्वसनात रीतसर सामील करून घेण्याची पद्धत. मराठी स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ व त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात.

भारतातला गाजलेला आरंभ अमृतसरच्या मनोरुग्णालयातला. १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी नातलगांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. माणसे आणि जागा दोन्ही अपुरी, हे त्यामागचे रोकडे कारण. तत्त्वज्ञान मागाहून चिकटले. वेल्लोरलाही पुढे नातलगाने सोबत राहण्याची पद्धत रुजली. या प्रयोगांचे गोडवे गाताना एक गोष्ट निसटते : तंबूतल्या नातलगाला डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. घरी तोच नातलग गोळी गिळली की गालात दडवली ते पाहतो, झोप उडाली की पुढचा झटका ओळखतो आणि तपासणीसाठी दिवसाचा रोज बुडवतो, तेही एकट्याने. म्हणून कुटुंबाला ‘सामील करणे’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. कुटुंब सामील होतेच. गैरहजर असते ती सेवा. गोवा, सातारा व कांचीपुरम येथे २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून हेच सूचित होते. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन रुग्णाशी व घरच्यांशी बोलत, औषधांची चौकशी करत. वर्षाअखेर, केवळ दवाखान्यातील उपचारांच्या तुलनेत, दैनंदिन अक्षमता थोडी अधिक घटली. ठळक फरक पडला तो ग्रामीण तमिळनाडूत. लाभ माफकच, पण तो घरी कोणीतरी पोचल्याचा आहे, निव्वळ घर असल्याचा नव्हे.

यावर आक्षेप असा, की घरच आजार चिघळवते. टोमणे, राग व अतिकाळजी असलेल्या घरी परतलेल्यांचा आजार अधिक उलटतो, हे जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दाखवले होते. मात्र त्याच परंपरेतल्या ज्युलियन लेफ यांच्या १९८२च्या चाचणीत घरच्यांना शिकवल्यावर आजार उलटणे कमी झाले. म्हणजे दोष स्वभावापेक्षा एकटेपणात व अज्ञानात अधिक. (एकत्र कुटुंबामुळे भारतात आजार सौम्य राहतो, हे मत वादग्रस्त आहे.) दुसरा आक्षेप रुग्णाच्या इच्छेचा, आणि तो जास्त वजनदार. मारहाण करणाऱ्या किंवा मालमत्तेवर डोळा ठेवणाऱ्या भावाला ‘शुभंकर’ कसे म्हणावे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रौढ रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमू देतो. तो नातलगच असावा असे नाही. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्यावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असे कलम १९ सांगते. सहभाग नाकारण्याची सोय असेल तरच तो सहभाग; एरवी ती सक्तीची बिनपगारी नोकरी.

भावंडांचा सहभाग : आई-वडील थकल्यावर बहुधा यांच्यावर भार येतो.

चित्रपट : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) सांभाळणारी बहीण आहे.