‘माझा फोटो चांगला येत नाही’



गेल्या चातुर्मासात आमच्या आत्याबाई गेल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, त्याच सवयीने लिहिते. तिसऱ्या दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, आईचा एखादा चांगला फोटो काढून द्या, मोठा करून आणतो." मी कपाटातले सगळे अल्बम खाली काढले. नणंदेचं लग्न, दोन्ही मुलांच्या मुंज्या नसल्या तरी बारसं-जावळ, शिखरजीची यात्रा, पंचकल्याणक पूजा. आत्याबाई कुठे दिसतात? एका फोटोत दाराच्या आड, एकात ताट धरलेला नुसता हात, एकात पदर तोंडावर. चाळीस वर्षांत ज्यांच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, त्यांचा समोरून काढलेला एक धड फोटो घरात नव्हता.

शेवटी मतदान ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. फोटोवाल्याने न विचारताच त्यांचा रंग चार छटा उजळ करून दिला, मागे निळा पडदाही लावला. माझ्या धाकट्याने फ्रेमकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही आपली आजी नाही."

त्या जिवंत असताना कॅमेरा समोर आला की एकच वाक्य ठरलेलं होतं: "माझा फोटो काही चांगला येत नाही बाई. तुम्ही काढा तुमचे." माझी आईही हेच म्हणायची, मीही म्हणते. ते वाक्य विनयाचं आहे असंच मला वाटायचं. मग जूनमध्ये शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायच्या दिवशी नऊ वर्षांची लेक वेणी घालताना म्हणाली, "मम्मी, मला नाही जायचं. माझा फोटो चांगला येत नाही."

"कोण म्हणालं तुला?"

"तूच म्हणतेस ना तुझ्याबद्दल? आणि सगळे म्हणतात मी तुझ्यासारखीच दिसते."

माझ्या हातातला कंगवा तिथेच थांबला. हे वाक्य आमच्या घरात आलं कुठून, याचा मी तेव्हापासून माग काढते आहे.

आपलं जिंतूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याच्या राजधानीत सगळ्यात नावाजलेला छायाचित्रकार होता लाला दीनदयाळ, आणि वाचून आनंद होईल, तो जैन घरातला. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा, घराणं जवाहिऱ्यांचं. रुडकीला अभियांत्रिकी शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी धरली आणि तिथेच कॅमेरा हाती घेतला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्याला दरबारी छायाचित्रकार केलं आणि १८९४ मध्ये ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा.

या दीनदयाळने १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, आणि कारभार पाहायला केनी-लेविक नावाच्या एक इंग्रज बाई. पडद्यातल्या स्त्रियांना पुरुषाची नजर न लागता फोटो काढून घेता यावा, हा हेतू. धंद्याची नजर त्यात होतीच, जवाहिऱ्याचाच मुलगा तो! पण मला त्यातली दुसरी गोष्ट भिडली. बाईला कॅमेऱ्यासमोर नीट बसता येत नाही, असं त्याने धरलं नाही. बसायला जागा दिली की ती बसेल, एवढंच पाहिलं. अर्थात तिथे जाणाऱ्या बायका अमीर-उमरावांच्या घरच्या. जिंतूरच्या किराणा दुकानदाराची बायको फोटोसाठी बैलगाडी करून हैदराबादला जाणं शक्यच नव्हतं.

आता मैत्रिणींनो, जरा काचेबद्दल सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा, आणि त्या प्लेटवरच्या रसायनाला निळा प्रकाश लवकर कळायचा, तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरंफटक पडायचं आणि कुंकू काळं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तांबूस छटा असते, तीही असावी त्याहून गडद उमटायची. सगळे रंग सारखे ओळखणाऱ्या प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, पण सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी ज्या कुणी फोटोत स्वतःला पाहून "अगंबाई, मी एवढी काळी?" म्हणाल्या असतील, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ती प्लेटच आंधळी होती.

रंगीत फिल्म आल्यावर तरी न्याय मिळाला असेल ना? नाही. कोडॅक कंपनी रंग बरोबर छापले जातात की नाही हे तपासायला प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवत असे. त्यात गोरी बाई. तिच्या कातडीचा रंग नीट आला म्हणजे यंत्र नीट. वर्षानुवर्षं तीच कसोटी होती. गडद छटा पकडणारी फिल्म करायला कंपनीने पुढे जे कष्ट घेतले, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारी होत्या असं सांगतात. त्यांच्या मालाचे फोटो चांगले येत नव्हते! हे वाचून मी हसले, मग राग आला.

आमच्या सासऱ्यांकडे अ‍ॅगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल महाग, धुण्याचे पैसे वेगळे, म्हणून बारा फोटो कुणाचे काढायचे याचा हिशोब आधी व्हायचा: पाहुणे, मुलगे, नवी गाडी. आत्याबाईंचं ते वाक्य त्या हिशोबात सोयीचं होतं. एक फोटो वाचायचा. कुणी त्यांना "असं म्हणू नका" म्हटलं नाही, कारण त्यांनी तसं म्हणणं सगळ्यांना परवडत होतं. १९९३ मध्ये शेषनसाहेबांच्या काळात फोटोची मतदान ओळखपत्रं सुरू झाली आणि त्यांचा पहिला एकटीचा फोटो सरकारने काढला. नशीब, नाहीतर भिंतीवर लावायला तोही नसता.

आता तुम्ही म्हणाल, यात धर्म कुठे आला? रोज संध्याकाळी आपण आलोचना पाठ म्हणतो, दिवसभरातल्या चुका स्वतःपुढे कबूल करतो. मी मुद्दाम पुन्हा नीट वाचला. त्यात किती दोष आहेत! चालताना, बोलताना, दळताना-कुटताना झालेली हिंसा, सगळं आहे. पण ‘मी कुरूप आहे’ असं कबूल करायला कुठेच सांगितलेलं नाही. चूक कृतीची असते, तिचं प्रायश्चित्त आहे. आत्मा तर मुळात शुद्धच. लेकीसमोर रोज मी ज्या गोष्टीची कबुली देत होते, ती आलोचनेत बसतच नव्हती. उलट भाषा समितीत मात्र बसत होती: हितकारक, मोजकं, खरं बोलावं. माझं वाक्य हितकारक नव्हतं आणि, प्लेटची हकिगत कळल्यावर, खरंही नव्हतं.

"मी सुंदर आहे" असं आरशासमोर दहा वेळा म्हणायचा उपाय एका मैत्रिणीने सुचवला. मला जमला नाही. खोटं वाटत होतं आणि हसू येत होतं. मी फक्त ते एक वाक्य सोडलं, जसं कंदमूळ सोडतो तसं. जीभ सवयीने वळायची, मग गप्प बसायचं. पहिला महिना अवघड गेला.

मुलांचे फोटो काढायची पद्धतही बदलली. आता मी खाली बसते, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीला. वरून काढला की मूल बुटकं आणि बिचारं दिसतं. दुपारच्या उन्हात उभं करत नाही, खिडकीशी बाजूने उजेड येईल असं बसवते. सावळा चेहरा आणि मागे चुन्याची भिंत असली की फोन भिंतीकडे पाहून चेहरा काळवंडवतो, म्हणून बोट चेहऱ्यावर टेकवून मग काढायचा. आणि फोनमधलं ते चेहरा गोरा करणारं काय असतं, ते पूर्ण बंद केलं. आजीच्या फ्रेमचा धडा होता तो. "हस ना, गोड दिसतेस" म्हणण्याऐवजी मी विचारते, "पाठशाळेत आज काय झालं?" ती सांगायला लागली की चेहरा आपोआप येतो.

दिवाळीनंतर आम्ही नेमगिरीला गेलो. गावापासून तीनेक किलोमीटर, पण जवळचं तेच राहून जातं. तिथल्या गुंफांची दारं इतकी ठेंगणी की भल्याभल्यांना वाकूनच आत जावं लागतं. आत नेमिनाथ भगवंतांची पद्मासनातली मोठी मूर्ती, आणि पार्श्वनाथांची ती अंतरिक्ष मूर्ती, एवढा भार इवल्याशा टेकूवर. गाभाऱ्यात फोन पिशवीतच ठेवला. तिथे न विचारता फोटो काढू नये आणि फ्लॅश तर नकोच, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं.

बाहेर पडताना मी दारातून वाकून निघत होते, एक हात उंबऱ्यावर, पदर घसरलेला, केस विस्कटलेले. समोर लेक माझा फोन घेऊन उभी. क्लिक झालं. तोंडापर्यंत ते वाक्य आलं होतं. तिने फोनवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं, वाट पाहत.

"दाखव," मी म्हणाले.

फोटो थोडा हललेला होता. मी हसत होते आणि पुढचा एक दात नेहमीसारखा वाकडा होता.

"मावशीला पाठवू?"

"पाठव. आणि तुझ्या पप्पांना सांग, हा छापून आणा म्हणावं."