अलार्म २० टक्क्यांवर, पण कशाच्या?

लॅबमधल्या गॅस डिटेक्टरवर '२०%' ही अलार्मची पातळी दिसली, की ते हवेतल्या गॅसचं प्रमाण समजू नका. थोडा इतिहास बघा.

१८१२ मध्ये इंग्लंडच्या फेलिंग कोळसाखाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा सुरक्षा-दिवा बनवला. हा दिवा मिथेनचा अंदाजही द्यायचा: वात बारीक केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसे. टोपी जितकी उंच, तितका मिथेन जास्त. पण धोका ओळखायचा तो नजरेनेच! पुढे ब्रिटिश खाणींत नियमाने आकडे आले: १.२५ टक्क्यांवर वीज बंद, २ टक्क्यांवर माणसं बाहेर.

मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. ही खालची मर्यादा म्हणजे एलईएल. आजचा डिटेक्टर तिलाच १०० धरतो. म्हणून २०% म्हणजे हवेत १ टक्का मिथेन. प्रोपेनची मर्यादा सुमारे २.१ टक्के, तिथे २०% म्हणजे जेमतेम ०.४ टक्के.

तेव्हा अलार्म सेट करण्याआधी विचारा: गॅस कोणता, आणि यंत्र कोणत्या गॅसवर कॅलिब्रेट केलंय? नोंदवहीतही नुसतं '२०%' लिहू नका. '२०% एलईएल, मिथेन' असं लिहा.