प्रकाशसंश्लेषणाची ऊर्जा-कार्यक्षमता

पिकावर पडलेल्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी शेकडा किती ऊर्जा पिकाच्या कोरड्या वजनात साठली, हे सांगणारे प्रमाण.

सूर्यप्रकाशातील निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा हरितद्रव्याला वापरता न येणाऱ्या, मुख्यतः अवरक्त किरणांत असते. काही प्रकाश पानावरून परततो किंवा आरपार जातो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला किमान आठ प्रकाशकण लागतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. (चार कण पुरतात, हे ऑटो वारबुर्ग यांचे मत रॉबर्ट एमर्सन यांच्या मोजमापांपुढे टिकले नाही.) शिवाय रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडते. या प्रकाशश्वसनात कमावलेला कार्बन पुन्हा गमावला जातो. त्यामुळे ही गळती रोखू न शकणाऱ्या कापूस, गहू, मिरची अशा सी-३ पिकांची सैद्धांतिक कमाल ३० अंश सेल्सिअसला ४.६ टक्केच भरते. बाजरी, ज्वारी, मका ही सी-४ पिके रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटवून ही गळती जवळजवळ बंद करतात. त्यांची कमाल ६ टक्के आहे.

शेतात यातले फार थोडे हाती लागते. धुळे जिल्ह्यातील अवर्षणप्रवण शिंदखेडा तालुक्यातली कोरडवाहू बाजरी घेऊ. दर चौरस मीटरवर रोज सरासरी ५ किलोवॅट-तास ऊन धरले, तर नव्वद दिवसांत हेक्टरी सुमारे १६,००० गिगाज्यूल ऊर्जा पडते. दाणे आणि सरमाड मिळून ५ टन कोरडे वजन मानले, तर त्यात साधारण ८५ गिगाज्यूल साठतात, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. येथे उन्हाला तोटा नाही, तोटा पाण्याचा आहे. पावसाने ताण दिला की पान पर्णरंध्रे मिटते. ओल वाचते, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते. पेरणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांतले ऊन तर बहुतांशी उघड्या मातीवरच पडते. ओलिताखालची उन्हाळी बाजरी खरिपापेक्षा बराच जास्त उतारा देते, ते मुख्यतः पाण्याचा तोटा नसल्यामुळे.

म्हणून या भागात पिकाची पारख पाण्याच्या हिशेबानेही व्हायला हवी. तेवढेच कोरडे वजन तयार करायला सी-४ पिकाला सी-३च्या जवळपास निम्मे पाणी पुरते. नुसती टक्केवारी पाहिली, तर आजचे सिलिकॉनचे सौर पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा देते, पण ती वीज असते, वर्षभर कणगीत टिकणारे धान्य नव्हे. दोहोंची टक्केवारी शेजारी मांडून पिकाला कमी लेखणे योग्य नाही.

थंडीत मात्र चित्र बदलते. साधारण २५ अंशांखाली सी-४ पिकांची प्रकाश वापरण्यातली आघाडी ओसरते आणि रब्बीत गहू-हरभऱ्यासारखी सी-३ पिके सरस ठरतात.