यवतमाळ : मृत्यूनंतरची मदत आणि मृत्यूआधीची मदत

शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्याचे नाव येतेच. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी-मुलांसह जीवन संपवले. राज्यातील मोठी नोंद झालेली ही पहिली घटना मानली जाते. त्यानंतर सरकारी मदत कशी बदलत गेली, हे समजले तर आज आपण काय मागू शकतो तेही कळते.

बराच काळ मदत म्हणजे पैसा, आणि तोही माणूस गेल्यावर. २००६ च्या शासन निर्णयानुसार वारसांना एक लाख रुपये मिळू लागले : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा लागे. जमीन कुटुंबाच्या नावावर नसेल किंवा कर्ज नातेवाइकांकडून घेतलेले असेल, तर प्रकरण 'अपात्र' ठरे. त्याच वर्षी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता.

हे सगळे गरजेचेच होते. पण नापिकी आणि मृत्यू यांच्यामध्ये काही आठवडे, कधी काही महिने असतात. झोप उडते, जेवण कमी होते, माणूस गप्प होतो, दारू वाढते, "आता काही अर्थ नाही" असे बोलू लागतो. वैद्यकीय मदत इथेच उपयोगी पडते, कारण नैराश्यावर समुपदेशन आणि औषधांनी उपचार होतो.

ही जागा सरकारी योजनेत ठळकपणे आली ती २०१५ मध्ये. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाची लक्षणे विचारायची आणि गरज असलेल्याला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी त्याची रचना. त्याच वर्षी यवतमाळ व उस्मानाबाद जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' आले. त्यात गावातील समितीने अडचणीतले कुटुंब वेळीच ओळखावे, अशी अपेक्षा होती. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

आशाताई दारात येऊन "झोप लागते का?" असे विचारतील, तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणून त्यांना परत पाठवू नका. खरे सांगा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. घरचा कर्ता गेला असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

नुकसानभरपाई कुटुंबाचा हक्क आहे. पण त्या अर्जाची वेळच येऊ नये, यासाठी आधीची मदत मागणे हाही तितकाच हक्क आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.