पैसा कोणाच्या हाती पडला?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बोनसची एकूण रक्कम फलकावर लागली. कोणाला किती, हे मात्र वहीत बंद राहिले. आकडा खोटा नव्हता. तरी वाटणी न्याय्य झाली की नाही, हे आम्हांला कळेना. सरकारी मदतीचा इतिहास वाचताना तो फलक आम्हांला वारंवार आठवतो.

2020 च्या वसंतात करोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील उपाहारगृहे व शाळा बंद पडल्या. दूध ओतून द्यावे लागले. कत्तलखान्यांतील कामगार आजारी पडले, ते कारखाने थांबले आणि विक्रीस तयार झालेली डुकरे शेतकऱ्यांकडेच राहिली. एप्रिलमध्ये तेथील कृषिखात्याने 1,900 कोटी डॉलरची योजना जाहीर केली; त्यांपैकी 1,600 कोटी थेट शेतकऱ्यांना द्यावयाचे होते. सप्टेंबरात आणखी 1,400 कोटींपर्यंतची दुसरी योजना आली. निकड खरी होती. परंतु रक्कम ठरली ती जनावरांच्या संख्येवर, धान्याच्या साठ्यावर आणि पेऱ्यावर. साहजिकच ज्याचे शिवार मोठे, त्याची रक्कम मोठी. एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. पण कंपनीचे तीन भागीदार शेतात राबतात किंवा कारभार पाहतात असे दाखविल्यास ती साडेसात लाखांपर्यंत जाई.

अशा मदतीची नावे कळण्याची सोय सरकारने आपण होऊन दिलेली नाही. 1966 साली अमेरिकेत माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला. त्याच्या आधारे वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने कापसाचे अनुदान घेणाऱ्यांची नावे मागितली. खाते नाकबूल झाले. 1996 मध्ये न्यायालयाने वृत्तपत्राच्या बाजूने निकाल दिला. पुढे एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने नावनिशीवार याद्या इंटरनेटवर सर्वांना खुल्या केल्या.

साथीच्या काळात ही झुंज पुन्हा झाली. पगार चालू राहावेत म्हणून लहान उद्योगांना, त्यांत शेतीलाही, कर्जे दिली गेली. ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे सरकारने झाकली. वृत्तपत्रे न्यायालयात गेली, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये ती उघड झाली. 2021 मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनीच सांगितले, की शेतीच्या साथ-मदतीतील सुमारे 2,600 कोटी डॉलरपैकी काळ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जेमतेम 2 कोटी 8 लाख आले. नुसत्या एकूण आकड्याने हे कधी सांगितले असते काय?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जर्मनीतील शेतकऱ्यांनी नावे छापण्याविरुद्ध दाद मागितली आणि 9 नोव्हेंबर 2010 रोजी युरोपीय न्यायालयाने ती मान्य केली. थोडे घेणारा व पुष्कळ घेणारा यांत भेद न करता सर्वांचे खाजगीपण मोडू नये, असा त्याचा आशय होता. 2013 च्या नियमाने नावे परत आली. मात्र वर्षाला 1,250 युरो किंवा त्याहून कमी घेणाऱ्याचे नाव झाकले गेले.

हा तोडगा आम्हांला पटतो. गरिबाची लाज राखावी. पण लाखांनी घेणाऱ्याचे नाव, आणि कंपनीच्या पाटीमागचे भागीदारही, लोकांना दिसले पाहिजेत. तेही वाटप चालू असतानाच. वाटप संपल्यावर मिळालेली यादी इतिहास लिहायला उपयोगी पडते, पण ज्याचा वाटा चुकला त्याच्या पदरात तिने काही पडत नाही.